भीती निरंक

लीलाधर भारंबे यांनी आयुष्यात कुणालाही घाबरवलं नव्हतं. एका सरकारी खात्याच्या जळगाव कार्यालयात ते मुख्य लिपिक, हाताखाली सहा माणसं. पण शिपाई निंबा त्यांना चहा आणून द्यायच्या ऐवजी "भाऊ, खाली जातच आहात तर माझाही एक सांगून या" असं म्हणायचा, आणि भाऊ खरंच सांगून यायचे. गल्लीतलं कुत्रं पोस्टमनपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांवर भुंकायचं. भारंब्यांना बघून ते नुसतं कूस बदलायचं. कुत्रं भुंकत नाही ही तशी सोयीचीच गोष्ट, पण रोज रोज झालं की तेही मनाला लागतं हो.

अशा माणसावर ब्याण्णव साली भुतं चालवायची जबाबदारी येऊन पडली.

झालं असं, की लताबाईंचा, म्हणजे सौ. भारंब्यांचा मावसभाऊ रुपचंद अमेरिकेहून आला आणि "भावजी, बैठा खेळ आहे, सुट्टीत खेळा" म्हणून एक खोका देऊन गेला. खोक्यात ना पट, ना सोंगट्या. तीन जाडजूड पुस्तकं आणि कधी न पाहिलेले फासे: चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, वीस बाजूंचा. वीस बाजूंचा फासा लताबाईंनी आठ दिवस देवघरात ठेवला होता, रुपचंदने कुठून काही सिद्ध करून आणलं असेल म्हणून.

भारंब्यांनी डिक्शनरी घेऊन तीन महिने ती पुस्तकं वाचली. खेळ असा: एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं. सांगणाऱ्याने म्हणायचं, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, काय करता?" आणि ज्याने त्याने आपल्या वीराचं काय ते सांगायचं. अडलं तर फासा टाकायचा. थोडक्यात, श्रोत्यांनी कीर्तनकाराला मध्येच थांबवून "जरा थांबा बुवा, मी रावणाला मारत नाही, आधी बोलून बघतो" असं म्हणायची सोय. भारंब्यांनी परदेशी किल्ला काढून सातपुड्यात काळकोट नावाचा किल्ला बांधला, आग ओकणारा सरडा काढून तळघरात झोटिंग बसवला, आणि रविवारी दुपारी दोन वाजता तिघांना घरी बोलावलं.

तिघे म्हणजे शेजारचे तोताराम नाना, निवृत्त पोस्टमास्तर. वरच्या मजल्यावरचे भाईदास सर, गणिताचे. आणि मागच्या खोलीतले भाडेकरू अभिमन, वनरक्षक, मूळचे पिंपळनेरचे, छाती दारात मावत नाही असे. अभिमन झाले रणमल सरदार, सर झाले वैद्य आणि नाना झाले मांत्रिक. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत वाळ्याचा कूलर. भारंब्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "तुम्ही काळकोटाच्या दरवाजाशी उभे आहात. दार आतून कुणीतरी नुकतंच लावलंय."

आणि तिघेही गप्प झाले.

निवृत्तीपासून नानांनी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. सरांचा पंखा हातातच राहिला. कूलरच्या टाकीत पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. भारंब्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो झोटिंगामुळे नव्हे. आपण बोलतोय आणि तीन मोठी माणसं श्वास धरून ऐकतायत, हे त्यांच्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवसापासून भारंबे सोमवार ते शनिवार नुसते हजर असायचे. जगायचे ते रविवारी दोन ते पाच.

अशा सुखाला दृष्ट लागणारच. ती लागली भीतीच्या नियमाची.

पुस्तकातला नियम असा, की भूत समोर आलं की वीस बाजूंचा फासा टाका. दहाच्या खाली पडलं तर तुमचा वीर घाबरून पळाला. चौथ्या रविवारी झोटिंग समोर आला. नानांना एकोणीस पडले, त्यांचा लुकडा मांत्रिक खांबासारखा उभा राहिला. वास्तविक नाना पालीला इतके घाबरतात, की ती भिंतीवर दिसली तर ते खाटेवर चढून बसतात. अभिमनना पडले तीन.

"रणमल पळाला," भारंबे म्हणाले.

"कोन पयाना?" अभिमन उठून उभे राहिले. "मना रणमल? भाऊ, मी बिबट्यासमोर हुभा ऱ्हायेल माणूस शे! बठ्ठा पिंपळनेरले माहीत शे! हाऊ प्लास्टिकना तुकडा माले सांगी, का मी पयानू?"

मग भाईदास सरांनी पुस्तकातल्या धाकाच्या नियमाचा विषय काढला. त्यांच्या वैद्याने पहारेकऱ्याला "ए!" म्हटलं, फाशावर वीस पडले आणि पहारेकऱ्याने भाला खाली टाकला. "मी पंचवीस वर्षं वर्गात 'ए' म्हणतोय," सर खिन्नपणे म्हणाले, "अजून कुणी खडूसुद्धा खाली टाकलेला नाही. हा नियम शास्त्रीय नाही."

शेवटी नानांनी निकाल दिला. "लीलाधर, भीती खरी वाटत नसेल तर रमी काय वाईट? आखाजी येतेच आहे. आखाजीला पत्ते खेळायचेच असतात. त्यानंतरच्या रविवारपर्यंत तू नियम सुधार. नाही जमलं तर आपले पत्ते बरे."

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला खानदेशात पत्त्यांना सगळं माफ. एकदा का ही मंडळी पत्त्यांना चिकटली, की काळकोटाकडे कोण फिरकतंय?  उरले होते एकवीस दिवस.

ऑफिसच्या माणसावर संकट आलं की तो काय करतो? फाईल उघडतो. भारंब्यांनी फाईल उघडली, वर लिहिलं "भीती व धाक: नियम सुधारणा", आणि लोकांची मतं घेतली. सरांनी सूत्र दिलं: भुताची उंची गुणिले अंधार, वजा वीराचं वय. त्याप्रमाणे गणित केलं तर नाना उणे येऊ लागले. नानांनी ज्येष्ठांना सवलत मागितली. समोरच्या बेबाबाई म्हणाल्या, "भाऊ, भीतीला उतारा असतो, नियम नसतो," आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकून गेल्या. अभिमनचं मत एका ओळीचं होतं, की भीती ही गोष्टच नसते, पुस्तक छापणारे भित्रे होते.

तेव्हा भारंब्यांनी ठरवलं, की लोकांना लेखी विचारायचं. ऑफिस सुटल्यावर त्यांनी टाइपरायटरवर तक्ता तयार केला. रकाना एक: आपणांस शेवटची भीती केव्हा वाटली. रकाना दोन: कारण. रकाना तीन: पळालात काय (होय/नाही). कार्बन घालून प्रती काढल्या. सवयीचा हात, खाली "माहिती विहित मुदतीत सादर करावी" हेही टाइप करून गेला. त्यातली एक प्रत टेबलावर राहिली. दुसऱ्या दिवशी निंबाने टेबलावरचे सगळे कागद नेहमीप्रमाणे धुळ्याच्या डाकेत घातले.

धुळ्याच्या उपकार्यालयातली माणसं प्रामाणिक. वरून तक्ता आला म्हणजे भरायचा, कशासाठी हे विचारायचं नाही. त्यांनी तक्त्याच्या प्रती काढून सगळ्या टेबलांवर वाटल्या. चौथ्या दिवशी त्यांचं पत्र आलं ते थेट साहेबांच्या टेबलावर: "संदर्भीय तक्त्यातील भीती आर्थिक वर्षाची धरावी की कॅलेंडर वर्षाची, याबाबत मार्गदर्शन व्हावे. रजेवरील कर्मचाऱ्यांची भीती कोणी भरावी, याचाही खुलासा व्हावा."

साहेबांनी भारंब्यांना बोलावलं. साहेब म्हणजे भुवया उचलल्या की निंबासुद्धा स्टुलावरून उठून उभा राहायचा असे.

"भारंबे, हे काय आहे?"

"हो साहेब," भारंबे म्हणाले.

"मी विचारतोय, काय आहे?"

"पंखा वाढवू का साहेब?"

आणि त्यांनी खरोखरच जाऊन पंखा वाढवला. टेबलावरचे कागद उडाले, धुळ्याचं पत्र साहेबांच्या चष्म्यावर बसलं. "तीन दिवसांत लेखी खुलासा!" साहेब गरजले. घामाने डबडबलेले भारंबे बाहेर आले, पण जागेवर बसताच त्यांनी आधी फाईल काढली आणि टिपण केलं: "भीतीने माणूस पळत नाही. हो म्हणतो आणि पंखा वाढवतो. पुस्तक चूक." दाद द्यायला हवी. माणूस बुडत होता आणि पाणी किती खोल आहे ते लिहून ठेवत होता.

तिसऱ्या दिवशी धुळ्याहून भरलेले तक्ते आले. बेचाळीस. भारंबे खुलाशाचा कागद आणि तो गठ्ठा घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. साहेब एकेक तक्ता उलटत गेले. निरंक. निरंक. निरंक. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही, शून्य. धुळे कार्यालयातल्या एक्केचाळीस माणसांना, गेल्या आर्थिक वर्षात कशाचीही भीती वाटलेली नव्हती. साहेबांच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात शेवटचा तक्ता आला. त्यावर सही नव्हती. अक्षर बारीक, वळणदार.

रकाना एक: मागील महिन्यात. रकाना दोन: मुलाने पहिल्यांदाच उलट उत्तर दिले, आणि त्याचे बरोबर होते. रकाना तीन: नाही. दाढी करत बसलो.

साहेबांनी तो तक्ता दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. गठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं, "दप्तरी दाखल". भारंब्यांचा खुलासा त्यांनी मागितला नाही आणि भारंब्यांनीही तो दिला नाही. दार ओढून घेताना भारंब्यांना एकदम जाणवलं, की बाकीच्या एक्केचाळीस निरंकांच्या खालीही काही ना काही असणार. त्यांना त्या गठ्ठ्याचा एकदम दराराच वाटला. पण याचा नियम कसा करायचा ते काही केल्या सुचेना.

आखाजी आली. लताबाई माहेरी असोद्याला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी भारंबे त्यांना आणायला गेले. घरात चिटपाखरू नाही. सासरे म्हणाले, "बाया बारले गेल्या नाल्यावर. तुम्ही जाऊ नका हां जावईबापू, पुरुष दिसला का झोडपता त्या."

बार म्हणजे आखाजीचा बार. नाल्याच्या अल्याडच्या आणि पल्याडच्या बाया, सासरहून आलेल्या लेकीसुद्धा, समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना यथेच्छ शिव्या घालतात. वर्षभराचं मनातलं बाहेर काढायचं, राग धरायचा नाही, संध्याकाळी परत मैत्रिणी. भारंब्यांना हे ऐकून ठाऊक होतं, पाहिलेलं नव्हतं. धाकाचा नियम करायला निघालेला माणूस अशी संधी सोडतो होय? ते काठच्या केळीच्या बागेत शिरले आणि खोडाआड बसले. पांढरा सदरा घालून.

पल्याडची पुढारीण होती मंजुळाबाई. सात वर्षांत हरली नव्हती. आवाज असा, की केळीची पानं हलावीत. अल्याडची एकेक बाई पुढे यायची, दोन शिव्या द्यायची आणि मंजुळाबाईच्या तिसऱ्या शिवीला पदर सावरत मागे सरायची. मग तिने नाव घेतलं. "अवं लते! जयगावची मडमीन! तुहा नवरा रईवारी भूतं काढतो म्हने, अन् भूतच त्याले पाहून हासतं वं माय!"

दोन्ही काठ खदखदून हसले. केळीआड भारंब्यांचे कान तापले. आता आपली बायको रडत मागे फिरणार, असं त्यांना वाटलं. एकोणीस वर्षांच्या संसारात लताबाईंनी भाजीवाल्याशीही आवाज चढवला नव्हता.

लताबाई पुढे आल्या. पदर खोचला नाही, हात कमरेवर ठेवले नाहीत. कोरड्या नाल्यात उतरल्या, पार मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळू, रोज चहाला बोलावतात त्या आवाजात म्हणाल्या:

"मंजुळे. सांगू का वं?"

मंजुळाबाईचं तोंड उघडंच राहिलं. पुढची शिवी ओठांवर आलेली दिसत होती, ती तिथेच थांबली. अल्याड शांत, पल्याड शांत. शे-दीडशे बाया आणि एक बांगडी वाजेना. लताबाई नुसत्या बघत होत्या. मंजुळाबाईने डोळे खाली केले, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "जाऊ दे वं बाई, ऊन लई झालं."

आणि मागे फिरली. अल्याडचा काठ किंचाळायला लागला.

भारंबे कधी उठून उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. तोंड उघडं, हात जोडलेले. पांढरा सदरा दिसताच "पुरुस! पुरुस आला वं!" म्हणून पोरींनी ढेकळांचा मारा सुरू केला. चौथं ढेकूळ कानाशी फुटल्यावर कुणीतरी "अवं, लतीचा नवरा हाये!" असं ओरडलं, त्यावर मारा थांबायच्या ऐवजी आणखी दोन शेणगोळे आले. जावयाचा मान म्हणून.

परतीच्या एसटीत लताबाई त्यांच्या केसांतली माती काढत होत्या. भारंबे त्यांच्याकडे चोरून बघत होते. आजवर जिच्या शेजारी निवांत घोरलो, ती हीच का, असं त्यांना वाटत होतं.

"अगं, काय सांगणार होतीस तिचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"मला काय ठाऊक तिचं? सात वर्षांत भेटले नाही तिला. पण प्रत्येकीचं काही ना काही असतंच ना हो. तिचं ती आठवते. आपण फक्त विचारायचं."

भारंब्यांच्या डोळ्यांपुढे ते एक्केचाळीस निरंक उभे राहिले. "आणि ती 'सांग' म्हणाली असती तर?"

"तर मी हरले असते," लताबाई म्हणाल्या. "पण 'सांग' म्हणणारं माणूस मी अजून पाहिलं नाही."

रविवार उजाडला. दोन वाजता तिघे आले. नानांच्या खिशात पत्त्यांचा जोड होता आणि तो त्यांनी मुद्दाम बाहेर काढून ठेवला. भारंब्यांनी सगळे फासे स्वतःच्या खिशात टाकले आणि मधोमध एक पितळी डबा ठेवला.

"प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचं, माझ्या वीराला सगळ्यात जास्त भीती कशाची. घडी घालून डब्यात टाकायची. डबा मी उघडणार नाही. आईशप्पथ."

"मना रणमलले भीती नही," अभिमन म्हणाले.

"मग निरंक लिहा."

अभिमननी पेन्सिल घेतली. दोन मिनिटं गेली, पाच गेली. निरंक लिहायला पाच मिनिटं लागत नाहीत. नानांनी एकदा लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. कुणी बघत नाही असं पाहून भारंब्यांनीही एक चिठ्ठी आत सरकवली.

मग ते सांगू लागले. काळकोटाचं तळघर. अठ्ठावीस पायऱ्या. खाली झोटिंग पाठमोरा बसलेला. लाल डोळे नाहीत, सुळे नाहीत, आरोळी नाही. "तो मागे वळूनही बघत नाही," भारंबे म्हणाले, आणि आवाज त्यांनी मुळीच चढवला नाही. "नुसतं म्हणतो, रणमल. सांगू का?"

अभिमनचा हात सवयीने फाशाकडे गेला. फासा नव्हता. ते डब्याकडे बघत राहिले. बिबट्यापुढे उभा राहिलेला तो माणूस, त्याच्या कपाळावर घामाचा थेंब फुटला. कूलरचं पाणी ठिबकत होतं. फार वेळाने ते म्हणाले, "रणमल तलवार खाले ठेवस."

कुणी त्यांना ठेवायला लावली नव्हती. भारंब्यांना स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. झोटिंग आता वैद्याकडे वळला. सर भिंतीकडे बघू लागले. मग मांत्रिकाची पाळी.

"मांत्रिका, सांगू का?"

नाना हलले नाहीत. त्यांनी शेजारच्या अभिमनच्या खांद्यावर हात ठेवला. 

"सांग," नाना म्हणाले. "माझं आधी सांग. मी ऐकतो. पण या पोराला सोड."

आता आली का पंचाईत! सांगणार काय? डबा बंद, शपथ घेतलेली, झोटिंगाला काडीचीही माहिती नाही. भारंब्यांनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात लताबाई पन्ह्याचा ट्रे धरून उभ्या होत्या, कोण जाणे कधीपासून, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "सांग" म्हणणारं माणूस त्यांना दिसलं होतं.

"झोटिंग उठतो," भारंबे हळूच म्हणाले. "त्याच्याकडे सांगायला काही नाही. कधीच नव्हतं. तो बाजूला होतो, आणि मागचं दार उघडं आहे."

लताबाईंनी पन्ह्याचे पेले हातात दिले. सरांनी डोळे पुसले आणि कूलरमधली धूळ गेली म्हणून सांगितलं. भारंब्यांना वाटलं, आपण पुस्तकातला नियम सुधारायला गेलो, आणि हे आपल्याहून फारच मोठं काहीतरी हाती लागलं. त्यांना नानांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ते पडलेही असते.

पण तेवढ्यात कूलरमागून एक पाल भिंतीवर आली.

नाना पन्ह्याचा पेला सांडत एका उडीत खाटेवर चढले आणि उशी छातीशी धरून उभे राहिले. "हाकला! अरे, हाकला तिला!"

कुणी हसलं नाही. अभिमन उठले, भीतीच्या नियमांचं ते जाड परदेशी पुस्तक घेतलं, त्याने पालीला अलगद खिडकीबाहेर घालवलं आणि हात देऊन नानांना खाली उतरवलं. ज्याने त्याने आपापली चिठ्ठी डब्यातून काढून खिशात घातली. पत्त्यांचा जोड नाना तिथेच विसरून गेले.

तळाशी एक चिठ्ठी उरली, ती भारंब्यांची. लताबाईंनी उचलून वाचली. "येत्या रविवारी कुणी येणार नाही," असं तीत लिहिलेलं होतं. त्या काही म्हणणार, तोच दारात चपला घालता घालता अभिमन वळले.

"भाऊ, येता रईवारे दोनलेच ना? का दीडले येऊत?"

 लताबाईंनी चिठ्ठी चुरगाळून मुठीत धरली आणि भारंब्यांच्या आधी त्यांनीच उत्तर देऊन टाकलं, "दीडला या. आणि मी पण बसणार आहे."

ते ऐकून भारंब्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी उठून कूलर वाढवला.